सोक्काचे जोक कापले तर मागे काय उरतं?

या दिवाळीत परभणीला मामाच्या घरी एक वाद झाला आणि तो इतका आडवातिडवा झाला की मला तेव्हा धड बोलताच आलं नाही, म्हणून आता लिहायलेय. विषय होता 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'. मामेबहीण लातूरला नीटची तयारी करायलीय, चार दिवस सुट्टीला आली होती आणि दुपारी मोबाईलवर ही सिरीज बघत बसली होती. मामा म्हणाले, "कामून बघायलीस हे लेकरावानी? बारावीचं वर्ष आहे, कार्टून बघायचं वय आहे का हे?" त्यावर तिचा मोठा भाऊ तावातावानं उठला, म्हणाला पप्पा हे कार्टून नाहीच, याच्यात नरसंहार आहे, युद्ध आहे, साम्राज्य आहे, ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे. इथपर्यंत मी त्याच्या बाजूनं होते. पण मग त्यानं बहिणीचा मोबाईल घेतला आणि ६१ एपिसोडपैकी कोणते बघायचे नि कोणते सोडायचे याची यादी टाईप करून दिली. सोडायच्या यादीत जवळपास सगळे हसायचे एपिसोड. "मेन स्टोरी बघ, बाकी टाइमपास आहे," असं म्हणून मोकळा झाला.

वरवर बघितलं तर दोघं एकमेकांच्या विरोधात भांडायलेत असं वाटतं, पण दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसलेली आहे. हसणं वेगळं आणि विचार वेगळा. मामाला ते हसणं दिसतं म्हणून ती गोष्ट हलकी वाटते, भावाला ती गोष्ट भारी वाटते म्हणून त्यातलं हसणं काढून टाकावंसं वाटतं. माझं म्हणणं असंय की दोघंही चुकतात, आणि भाऊ जास्त चुकतो, कारण मामांनी तर सिरीज बघितलेलीच नाही, याने तीनदा बघितलीय. या सिरीजचा विचार तिच्या हसण्यातूनच चालतो. युद्ध काय करतं, घरातली थोरली पोरगी किती ओझं उचलते, बाईला कमी समजणाऱ्या पोराचं काय होतं, खोटा इतिहास शिकवणाऱ्या शाळेत लेकरं कशी जगतात, हे सगळं ही सिरीज विनोदाच्या वाटेनंच सांगते. ती वाट बुजवली की त्या गावाला जाताच येत नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मायकल डँटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को या दोघांनी ही तयार केली, २००५ च्या फेब्रुवारीपासून २००८ च्या जुलैपर्यंत निकलोडियनवर चालली. पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार तत्त्वं, त्या त्या तत्त्वाला वळवता येणारी माणसं, आणि चारही वळवू शकणारा एकच जण, अवतार. शब्द आपलाच आहे आणि अर्थही बराचसा आपलाच, पुन्हा पुन्हा जन्म घेणारा. तो यावेळी आहे बारा वर्षांचा आंग. वादळात अडकून शंभर वर्षं बर्फात गोठून पडला, आणि बाहेर येतो तेव्हा अग्निराष्ट्राने त्याचे सगळे लोक, सगळे वायुपंथी भिक्षू, मारून टाकलेले असतात. अख्ख्या जमातीतला हा एकटा उरलेला.

आता हा पोरगा उठल्या उठल्या काय करतो? ज्या पोरीमुळं तो बर्फातून बाहेर आला त्या कताराला विचारतो, पेंग्विनच्या पाठीवर बसून घसरगुंडी खेळायची का. माझा भाऊ म्हणतो की हा फालतूपणा आहे, गोष्ट पुढं सरकत नाही. मला विचाराल तर गोष्ट इथंच सगळ्यात जास्त सरकते. घसरता घसरता कतारा म्हणते की लहान होते तेव्हापासून असं खेळलेच नव्हते, आणि आंग म्हणतो, तू अजून लहानच आहेस. कतारा चौदा वर्षांची आहे. आई युद्धात मारली गेली, बाप लढायला गेला, घर आणि भाऊ तिच्याच गळ्यात. हे वाक्य ऐकलं की मला आमच्याकडच्या पोरी आठवतात. बीडकडं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन मायबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, पाचसहा महिने, आणि मागे म्हाताऱ्या आजीजवळ धाकट्या भावंडांना सांभाळत थोरली पोरगी राहते. ती सातवीत असते, आठवीत असते. स्वयंपाक, पाणी, भावाची शाळा, आजीची गोळी. तिला कुणी म्हणतं का, की बाई तू अजून लहानच आहेस म्हणून? त्या घसरगुंडीच्या दोन मिनिटांत युद्धानं लेकरांकडून नेमकं काय हिसकावून घेतलं ते जेवढं कळतं तेवढं लढाईच्या वीस मिनिटांतही कळत नाही.

आणि आंगचं खेळकर असणं, ते तर अजूनच वेगळं आहे. तिसऱ्या एपिसोडमध्ये तो आपल्या मठात परत जातो. त्याचे गुरू ग्यात्सो त्याला आठवतात ते कशामुळं? तर वाऱ्याच्या झोतानं केक उडवून दुसऱ्या भिक्षूंच्या डोक्यावर कसे पाडायचे हे ते त्याला शिकवत होते म्हणून. आपण हसतो. आणि थोड्या वेळानं त्याच गुरूचा सांगाडा दिसतो, भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांचे सांगाडे पडलेले. तो केकचा प्रसंग कापा आणि मग सांगाडा दाखवा बरं. एक मेलेला म्हातारा दिसेल, बस. एक जमात संपली म्हणजे तिची माणसं मेली एवढंच नसतं, त्यांची चेष्टामस्करी, त्यांचे खेळ, पोरांना शिकवायची त्यांची तऱ्हा, हे सगळं संपतं. शंभर वर्षांनंतर वायुपंथीयांची जी काही संस्कृती जगात उरलीय ती या एका टकल्या पोराच्या खोड्यांमध्ये उरलीय. तो हवेच्या चेंडूवर बसून गोल गोल फिरतो तेव्हा हजारो माणसांचा वारसा फिरत असतो तिथं. याला फिलर म्हणायचं?

आता मला एक सांगा, हसण्यातून गहन सांगता येत नाही हे आपल्याला कुणी शिकवलं? निदान मराठवाड्यातल्या माणसानं तरी हे म्हणू नये. पैठण आपलं आहे. नाथमहाराजांनी एकनाथी भागवत १५७३ साली काशीत पूर्ण केलं, १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, म्हणजे विद्वत्तेच्या बाबतीत त्या काळात त्यांच्यापुढं उभं राहणारं कोण होतं? आणि त्याच माणसानं भारुडं लिहिली. विंचू चावला म्हणून नाचणारा माणूस, आंधळा, बहिरा, मुका, जोशी, वासुदेव, गोंधळी, सगळी सोंगं आणली. ती बाई भवानीआईला रोडगा वाहीन म्हणते आणि एकेक करून सासरा, सासू, दादला, सगळ्यांना वाटेला लावायचा नवस करते. गावातल्या बाया पोट धरून हसतात त्याला, मी आजीला हसताना बघितलंय, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि शेवटी नाथ म्हणतात सगळेच जाऊ दे, एकटीलाच राहू दे मला, तेव्हा कळतं की ही बाई कुठल्या एकटेपणाबद्दल बोलायलीय. भागवत तेवढं खरं आणि भारुड म्हणजे टाइमपास, अशी यादी नाथांच्या शिष्यांपैकी कुणी केली असती तर आपण काय म्हणलं असतं? नाथांना माहीत होतं की जात्यावर बसणारी बाई, गावकुसाबाहेरचा माणूस, दिवसभर राबलेला कुणबी, यांच्यापर्यंत पोचायचं तर सोंग घ्यावं लागतं. आणि सोंगातून सांगितलेलं कमी खोल असतं असं त्यांना कधी वाटलं नाही.

सोक्का हा मला भारुडातल्या सोंगासारखाच वाटतो. कताराचा मोठा भाऊ, पंधरा वर्षांचा, पाणी वळवता येत नाही, कायम भूक लागलेली, आणि सुरुवातीला बायकांबद्दल एकदम मागास. आता याच्यावरून दुसरा वाद. नेटफ्लिक्सनं २०२४ च्या फेब्रुवारीत खऱ्या माणसांना घेऊन ही गोष्ट पुन्हा केली, आणि ती यायच्या आधी त्यातल्याच कलाकारांनी मुलाखतीत सांगितलं की मूळ सिरीजमधला सोक्काचा बायकांना कमी लेखण्याचा भाग आम्ही बराच कमी केलाय. त्याच्यावर जे भांडण पेटलं ते आजही मधूनमधून धुमसतं. एक बाजू म्हणते बरं केलं, आजच्या पोरांना असलं कशाला दाखवायचं. दुसरी बाजू म्हणते तुम्ही सगळंच मिळमिळीत करून टाकायलात. पहिल्या बाजूचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः बाई आहे, अशा वाक्यांवर खदाखदा हसणारी मंडळी मी कॉलेजात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत बघितलीत आणि त्या हसण्यात मला कधी मजा वाटली नाही. आठ-दहा वर्षांचं पोरगं सोक्काच्या तोंडून ऐकतं की शिवणं-टिपणं पोरींचं काम आणि शिकार पोरांचं, आणि नेमकं तेवढंच उचलतं, हे होऊ शकतं. ही भीती खोटी नाही.

पण मूळ सिरीजमध्ये हसू कुणावर येतं ते बघा ना. अगदी पहिल्या एपिसोडमध्ये सोक्का होडीत बसून बहिणीला काहीतरी बायकांवरून बोलतो, कतारा अशी भडकते की रागाच्या भरात तिच्या हातून पाणी हलतं, मागचा हिमनग फुटतो आणि त्यातून शंभर वर्षं गोठलेला अवतार वर येतो. म्हणजे अख्खी गोष्ट सुरू होते ती एका पोरीच्या संतापामुळं! कुणाच्या कृपेमुळं नाही, भविष्यवाणीमुळं नाही. भावानं कमी लेखलं आणि बहिणीला ते सहन झालं नाही, एवढ्यामुळं जगाचं युद्ध फिरलं. सोक्काचं ते बोलणं पुसलं तर तो राग कुठून आणायचा? मग चौथ्या एपिसोडमध्ये क्योशी बेटावर सुकी नावाची लढवय्यी पोरगी आणि तिच्या तुकडीतल्या पोरी त्याला लोळवतात. तो चिडतो, परत जातो, परत हरतो, आणि मग गुडघ्यावर बसून म्हणतो मला शिकवा. ती म्हणते शिकवते, पण आमचाच पोशाख घालावा लागेल. तो झगा घालतो, तोंडाला रंग लावतो. आपण हसतो, पण हळूहळू आपल्या लक्षात येतं की तो आता लाजत नाहीये. निघताना तो कबूल करतो की मी तुला मुलगी म्हणून वागवलं, योद्धा म्हणून वागवायला पाहिजे होतं, आणि सुकी म्हणते मी योद्धा आहे, पण मुलगी पण आहे. हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी तेव्हा संभाजीनगरला हॉस्टेलवर होते, मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून आम्ही सहाजणी एका लॅपटॉपवर बघायचो, आणि त्या वाक्यावर एकीनं पॉज केलं आणि बराच वेळ कुणी प्ले दाबलं नाही.

जो पोरगा पहिल्यापासूनच समजूतदार आहे त्याच्याकडून दहा वर्षांचं पोरगं काय शिकणार? आमच्या घराघरांत पोरगं जेवलं की ताट तिथंच ठेवून उठतं, बहीण उचलते. त्या पोराला आधीच सुधारलेला सोक्का दाखवला तर तो त्याला ओळखीचा वाटणार नाही. आपल्यासारखंच बोलणारा, मग आपटी खाणारा, मग मान खाली घालून शिकणारा सोक्का दाखवला तर एखाद्याला तरी आपलं ताट दिसेल. दोष काढून टाकला की दोषातून बाहेर यायचा रस्तासुद्धा निघून जातो, आणि माझी तक्रार रस्त्याबद्दल आहे. 'मूळचं बदललं' म्हणून ओरडणाऱ्या दुसऱ्या बाजूशी मी सहमत नाही ते याचसाठी, त्यातल्या बऱ्याच जणांना सोक्काचे टोमणे हवेत, क्योशी बेटावरचा झगा आणि गुडघे टेकणं त्यांना आठवतसुद्धा नाही.

बरं, भावाच्या मनात जी सिरीज आहे, जोक काढलेली, मेन स्टोरीवाली, ती एकदा करून झालीय. २०१० साली एम. नाईट श्यामलन यांनी पहिल्या सीझनवर सिनेमा काढला. वीस एपिसोड दोन तासांच्या आत बसवले. नरसंहार ठेवला, आक्रमण ठेवलं, चंद्रदेवतेचा मृत्यू ठेवला, भविष्य सांगणारे गंभीर चेहरे ठेवले, आणि हसणं जवळजवळ सगळं काढलं. बघितलाय का कुणी पूर्ण? त्यातला सोक्का सोक्काच वाटत नाही, आणि आंग लेकरू वाटत नाही म्हणून त्याच्यावरचं ओझंही ओझं वाटत नाही. घटना सगळ्या त्याच, आणि एकाही घटनेला रडू येत नाही.

रडण्यावरून आयरो काकांकडं येते, कारण भावाच्या यादीत 'टेल्स ऑफ बा सिंग से' सुद्धा सोडायच्या बाजूला होता आणि तिथं माझा धीर सुटला. आयरो म्हणजे अग्निराष्ट्राच्या राजाचा थोरला भाऊ, एकेकाळचा मोठा सेनापती, ज्यानं बा सिंग से शहराला सहाशे दिवस वेढा घातला आणि त्या वेढ्यात स्वतःचा मुलगा गमावला. आता तोच म्हातारा निर्वासित म्हणून त्याच शहरात चहा करून विकतो. चहावर त्याचे जोक, झोपेवर जोक, पोटावर जोक. त्या एपिसोडमध्ये त्याचा एक दिवस दाखवलाय. बाजारात एक लेकरू रडतंय, तो त्याला एका सैनिक पोराचं गाणं म्हणून दाखवतो, लेकरू त्याची दाढी ओढतं आणि हसायला लागतं. मग एक चोर चाकू दाखवतो तर हा त्याला म्हणतो तुझं उभं राहणंच चुकलंय, आणि नीट कसं उभं राहायचं ते शिकवतो, वर चहा पाजून चांगलं काम कर म्हणून सांगतो. आपण हसतच असतो. संध्याकाळी तो टेकडीवर एका झाडाखाली जातो, मुलाचं चित्र मांडतो, त्या दिवशी मुलाचा वाढदिवस असतो, आणि तेच गाणं, सकाळचंच, पुन्हा म्हणायला लागतो आणि त्याचा आवाज फुटतो. चार-पाच मिनिटांचा सगळा मामला. आयरोला आवाज देणारे माको इवामात्सु २००६ साली गेले, तो भाग त्यांनाच अर्पण केलाय. सकाळी लेकराला हसवताना ते गाणं आपण ऐकलं नसतं तर संध्याकाळी त्याला काय अर्थ होता? दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांना हसवणारा माणूस स्वतःच्या लेकराला घरी परत आणू शकला नाही, हे हसल्याशिवाय कळायचंच नाही.

आमच्याकडं बाप गेला तरी पोरगं चार माणसांत रडत नाही, कामाला लागतं. म्हणून मला ती फुग्याच्या विमानातली दोन वाक्यंही तितकीच मोलाची वाटतात. सोक्का आणि झुको, म्हणजे आयरोचा पुतण्या, अग्निराष्ट्राचा राजपुत्र, दोघं एकमेकांचे आधीचे वैरी, सोक्काच्या बापाला तुरुंगातून सोडवायला निघालेत. बोलायला काही नाही. झुको सांगतो की मैत्रीण मागे सोडून आलो. सोक्का म्हणतो माझी पहिली मैत्रीण चंद्र झाली. झुकोला काय बोलावं कळत नाही, तो म्हणतो, "अवघडच आहे रे गड्या." याच्यावर लोक वर्षानुवर्षं हसतात, फोटो करून एकमेकांना पाठवतात. हसायलाच पाहिजे. पण ती मुलगी खरंच मेलीय, राजकुमारी युए, पहिल्या सीझनच्या शेवटी, सोक्काच्या हातांत, आणि त्याबद्दल तो मित्रांपाशी बसून कधी नीट बोललेला नाही. दोन तरुण पोरं दुःख बोलतात ती अशीच बोलतात, तुटक, बाजूला बघत. मी माझ्या भावाला असंच बोलताना बघितलंय.

आता विरोधकांचं जे खरंय ते मान्य करते. या सिरीजमधला प्रत्येक जोक चांगला नाही. 'द ग्रेट डिव्हाइड' नावाचा एपिसोड खरंच ढिला आहे, दोन जमातींचं जुनं भांडण आणि आंग ते एका थापेनं मिटवतो, त्यात ना धड हसू ना धड विचार, पुढं सिरीजनं स्वतःच त्याच्यावर टोला मारलाय. लहान मुलांचं चॅनल असल्यामुळं मरण उघडं दाखवता येत नव्हतं म्हणून काही ठिकाणी गोष्ट धूसर राहते. जेट नावाचा एक बंडखोर पोरगा मेला की नाही हे बघणाऱ्याला कळतच नाही. आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो कोबीवाला. प्रत्येक शहरात त्याचा कोबीचा गाडा कुणीतरी मोडतं आणि तो ओरडतो, माझे कोबी! अख्ख्या जगात हा गाजलेला विनोद आहे. पण मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. भाव पडला की टमाट्याचे कॅरेट रस्त्याच्या कडेला ओतून रिकामी गाडी घेऊन परत येणारे आमच्याकडचे लोक मी बघितलेत, आणि तो माणूस ओरडतो तेव्हा मला पूर्ण हसता येत नाही. वीरांच्या धावपळीत गरिबाचा माल सांडतो हे सिरीजला दिसलं होतं, तिथं थांबायला पाहिजे होतं, ती थांबली नाही. हसण्यानं विचार करणं म्हणजे काय ते तिनं स्वतः इतक्या ठिकाणी दाखवलंय म्हणूनच इथं ती कमी पडलेली जाणवते.

पण कुठलं हसणं कामाचं आणि कुठलं घातकी, हे सिरीजला कळत नव्हतं असं मात्र म्हणू नका. बा सिंग से मध्ये जू डी नावाची एक बाई पाहुण्यांना गाव दाखवते, चेहऱ्यावर सतत तेच हसू. युद्धाबद्दल विचारलं की म्हणते इथं युद्ध नाही. आधी ती विनोदीच वाटते. मग एक दिवस तिच्या जागी दुसरीच बाई येते, तेच हसू, आणि म्हणते मी जू डी. तेव्हा पोटात गोळा येतो. आणि 'द एम्बर आयलंड प्लेयर्स' मध्ये सगळे जण अग्निराष्ट्रात जाऊन स्वतःवरचंच नाटक बघतात. नाटकात त्यांची टिंगल चाललेली असते, त्यांच्यातल्या टॉफ या छोट्या पोरीचं काम एका दांडग्या पुरुषाला दिलेलं असतं आणि तिला ते जाम आवडतं, आपण हसतोय, सगळं मजेत चाललंय. शेवटी रंगमंचावर झुको मरतो, आंग मरतो, आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवतं. ही सगळी पोरं त्या टाळ्यांमध्ये गप्प बसलेली. आपण ज्या नाटकाला इतका वेळ हसत होतो ते कुणासाठी लिहिलेलं होतं हे तेव्हा कळतं. सोक्काला झगा घातल्यावर येणारं हसू आणि या थिएटरातलं हसू, दोन्ही एकाच सिरीजनं शेजारी ठेवून दाखवलंय. हे गंभीर नाही तर काय आहे?

आणि 'द हेडबँड'. हा पण यादीत सोडायचा होता, कारण यात नाच आहे. आंग चुकून अग्निराष्ट्राच्या शाळेत जातो. रोज सकाळी राजाच्या निष्ठेची शपथ. इतिहासाच्या तासाला बाई विचारतात की वायुराष्ट्राच्या सैन्याशी लढाई कोणत्या वर्षी झाली, आणि आंग सांगतो की वायुपंथीयांकडं सैन्यच नव्हतं, त्यांच्यावर अचानक हल्ला झाला होता. त्याच्याच लोकांच्या कत्तलीला पुस्तकात लढाई म्हणलेलं, आणि उत्तर चुकलं म्हणून बोलणी त्यालाच. मग सोक्का खोटी दाढी लावून बाप होतो, कतारा पोटाला गाठोडं बांधून आई होते, हेडमास्तरांना भेटायला जातात, हसून हसून पुरेवाट. आणि शेवटी आंग त्या लेकरांना गुहेत नेऊन नाचायला शिकवतो, कारण त्यांच्या देशात नाचायचंच बंद झालेलं असतं. यावर भाऊ म्हणतो, युद्ध चालू असताना नाच?

त्याला मी आपल्याच भागातली गोष्ट सांगेन. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या कॉलेजातल्या वसतिगृहात पोरांनी प्रार्थनेला वंदे मातरम म्हणायचं ठरवलं. बंदी आली. पोरं हटली नाहीत, उस्मानिया विद्यापीठातली पोरंही उठली, शेकड्यांनी काढून टाकली गेली, बरेच जण शिकायला नागपूरला गेले. त्यांच्या हातात तेव्हा बंदुका नव्हत्या. एक गाणं होतं. स्वातंत्र्य इकडं यायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, बाकीच्या देशाहून तेरा महिने उशिरा, आणि ती सगळी लढाई आम्ही शाळेत एका धड्याच्या कोपऱ्यात शिकलो. म्हणजे पुस्तकात काय लिहितात नि काय वगळतात, शाळेत काय म्हणायला लावतात नि काय म्हणू देत नाहीत, हे आपल्याला परक्या देशाच्या कार्टूनमधून कळायची गरज नाही, आपल्या आजोबांच्या पिढीनं भोगलंय. लेकरांचं गाणं आणि लेकरांचा नाच राज्यकर्त्यांना इतका खुपतो, याचा अर्थ त्यात काहीतरी असणार ना? गुहेतल्या त्या नाचात शेवटी आंगला पकडायला माणसं येतात तेव्हा सगळी पोरं डोक्याला पट्टे बांधून त्याला गर्दीत लपवतात. अग्निराष्ट्राची लेकरं आपल्या शाळेविरुद्ध उभी राहतात, एका नाचासाठी.

राहता राहिले मामा. त्यांच्या बोलण्यात मला भावापेक्षा जास्त काळजी दिसते. लातूरची खोली, क्लासची फी, मेस, एकराएकरानं साठवलेला पैसा त्यात घातलाय त्यांनी, आणि पोरगी दुपारी मोबाईलमध्ये हसताना दिसली तर बापाच्या पोटात कालवणारच. एक वर्ष आहे, ते निघून गेलं तर परत येत नाही, हे त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. पण मामा, तुम्ही तिला हसताना बघितलं तेव्हा ती कुठला एपिसोड बघत होती ते मी बघितलंय. 'नाइटमेअर्स अँड डेड्रीम्स'. मोठ्या हल्ल्याच्या आधीचे चार दिवस, आणि आंगला झोप येत नाही. डोळा लागला की स्वप्न पडतं, राजासमोर लढायला उभा आहे आणि पँट घालायची राहून गेलीय. पुन्हा डोळा लागला की गणिताचा पेपर आहे आणि काहीच वाचलेलं नाही. शेवटी जागून जागून त्याला त्याचा भलामोठा उडणारा बायसन आणि खांद्यावरचं लेमूर तलवारी घेऊन भांडताना दिसायला लागतात. त्याचे मित्र एकेक करून उपाय सांगतात, एकाचाही उपयोग होत नाही. आणि शेवटी ते सगळे मिळून मेंढीच्या लोकरीची जाड गादी करतात आणि त्याला म्हणतात, तुझी तयारी झालीय, झोप.

तुमची पोरगी त्या गणिताच्या पेपरावर हसायलेली होती. रात्री आम्ही गच्चीवर झोपलो तेव्हा तिनं मला सांगितलं की तिला पण तसंच स्वप्न पडतं, हॉलतिकीट सापडत नाही आणि बस निघून जाते, रोज पडतं, आणि हे तिनं घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. भाऊ, तुझ्या यादीत तो एपिसोड २९ नंबरला 'सोडला तरी चालेल' म्हणून आहे. तो तिथून काढ. आणि पुढच्या वेळी ती आली की तिच्यासोबत बसून बघ, मामांनाही बसव.